बॅगांचा दिवाण

वाशी,
२ नोव्हेंबर १९८१

चि. वैजयंतीस अनेक आशीर्वाद.

मायन्यापाशीच पेन अडलं. चार वर्षं तुला ‘नंदिनी’ म्हणायची सवय, आणि आता तू लिहितेस की सांगलीत सगळे वैजयंती म्हणूनच हाक मारतात. ‘सौ.’ लावायचं की नाही हेही कळेना. म्हणून नुसतं ‘चि.’ लिहून मोकळी झाले. चिरंजीव तर तू राहायलाच हवीस.

तुझं पत्र समोरच्या सरोजिनीबाईंकडे सुखरूप आलं. त्यांनी ते शाळेच्या वह्यांच्या गठ्ठ्यात घालून आणून दिलं आणि एक शब्द विचारला नाही. मास्तरीण असून प्रश्न न विचारणारी ही पहिलीच बाई मी पाहिली. उत्तरं त्यांच्याच पत्त्यावर पाठवत जा.

शिवणवर्गाच्या मावशी चांगल्या आहेत हे वाचून बरं वाटलं. पण स्वतःचं मशीन असेल तरच महिनाअखेरीनंतर ठेवून घेणार, नाहीतर ती जागा दुसरीला, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मशीन इथं आहे गं. तू ठेवून गेलीस तिथंच आहे. पण ते बाहेर काढायचं कसं, हे मला सुचत नाही.

तुझ्या युक्तीचं मला अजून कौतुक वाटतं. आम्ही ह्या फ्लॅटवर आलो तेव्हा चार भिंती, एक माळा आणि खिडकीतून दिसणारी मिठागरं, एवढंच होतं. सुतारानं सांगितलेली रक्कम ऐकून हे खाली बसले. मग मी घरातल्या जुन्या बॅगा काढल्या. मामंजींची कातडी बॅग उघडून भिंतीला ठोकली, तिच्यात पुस्तकं लावली. एकीला तुर्भ्याच्या सुताराकडून चार पाय बसवून टीपॉय केलं. एकीच्या झाकणात आरसा बसवला. आणि पाच बॅगा मांडून, वर प्लायवूडची फळी, फळीवर गादी आणि सोलापुरी चादर असा हॉलमधला दिवाण. सोसायटीतल्या बायका बघायला येत. हे म्हणायचे, “घरात बसलं तरी एस.टी. स्टँडवर बसल्यासारखं वाटतं.”

आणि तू चेंबूरहून येताना दरवेळी एक बॅग आणायचीस. “वहिनी, तुमच्या घरासाठी आणखी एक.” पहिली खरंच रिकामी होती. काळ्या बॅगेत तुझ्या साड्या निघाल्या तेव्हा तू नुसतं म्हणालीस, “राहू दे इथं.” तुझ्या पूर्ण बाह्यांच्या पोलक्याकडे बघून मीही पुढं विचारलं नाही. तिसरी ती तपकिरी, तुझ्या रुखवतात मांडलेली. ती नंदूभावोजींनी खांद्यावरून तीन जिने चढवून आणली आणि धापा टाकत म्हणाले, “वहिनी, यात काय दगड भरलेत काय?” तू म्हणालीस, “जुने दिवाळी अंक आहेत, वहिनींना वाचायला.” तुझ्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. हातमशीन नवऱ्याच्याच खांद्यावरून घराबाहेर काढणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पण आता त्या बॅगेवर सासूबाई झोपतात. दिवसभर तिथंच. पाठीच्या दुखण्यानं त्या न्हाणीघरापुरत्याच उठतात. काल नंदूभावोजी आले होते. दिवाणावर आईच्या उशाशी बसले, फराळ खाल्ला. “येईल परत. मशीन इथंच आहे तिचं, दुरुस्तीला टाकलंय. मशीनशिवाय खाणार काय ती?” असं म्हणाले, आणि ते म्हणत असताना त्यांच्या टाचा तुझ्या बॅगेवर आपटत होत्या.

ह्यांना काहीच माहीत नाही. सांगायला जीभ उचलत नाही. मामंजी गेल्यावर ह्यांनीच धाकट्याला वाढवलं. नंदू म्हणजे ह्यांचा जीव.

पत्र वाचून फाडून टाक.

तुझी वहिनी,
सुमेधा


वाशी,
९ नोव्हेंबर १९८१

चि. वैजयंती,

घाईत लिहिते आहे. हे दळण आणायला गेलेत.

भावोजी दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले. “मशीन आलंच नव्हतं,” असं त्यानं सांगितलं. त्यांच्या डोक्यात आता एकच हिशेब बसलाय, मशीन सापडलं की बायको सापडली. काल आल्या आल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र सांगते, म्हणजे जरा धीर येईल. ते मध्ये दोन दिवस पुण्याला जाऊन आले. तू मागं एकदा पुण्यातल्या नोकरदार बायकांच्या वसतिगृहाचं बोलली होतीस म्हणे. तिथं जाऊन विचारलं. आणखी दोन ठिकाणी विचारलं. “नंदिनी नावाची कोणी नाही म्हणतात. खोटं बोलतात साल्या,” असं तावातावानं सांगत होते. मी पोह्यांना फोडणी देत होते. ह्या माणसाला अजून सुचलंच नाही गं. चार वर्षांपूर्वी ताटात तांदूळ पसरून, अंगठीनं त्यावर त्यांनी ‘नंदिनी’ लिहिलं, आणि त्यांच्या लेखी त्याआधीची तू संपलीसच. नंदकिशोरला शोभेल असं ते नाव सासूबाईंनी काढलं होतं. तांदूळही त्यांनीच पसरले होते. किती मिरवल्या होत्या त्या दिवशी.

सुचलं नाही, पण सुचायला कितीसा वेळ लागतो? एखादा मित्र म्हणेल, अरे, माहेरच्या नावानं विचारलंस का? मला रोज भीती वाटते. जिन्यात पाऊल वाजलं की आधी दिवाणाकडे बघते, मग दाराकडे.

भावोजी सांगत होते तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, “पुण्यात थंडी पडली का रे?” त्यांच्या मनात काय असतं ते मला सात वर्षांत कळलेलं नाही. तुला तरी कधी कळलं? चेंबूरला तुझ्याकडे दोन वर्षं होत्या त्या.

मशीन दुपारी सरोजिनीबाईंकडे हलवायचं असं आमचं ठरलं होतं. म्हटलं, सासूबाईंना तासभर उठवावं. “आई, गादीला ऊन दाखवते,” म्हटलं. म्हणाल्या, “गादीला काय झालंय? दसऱ्यालाच दाखवलंस.” “आई, सरोजिनीबाईंकडे भजन आहे, चला.” “मला ऐकू येतं इथून.” “आई, ढेकूण झालेत की काय बघते.” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत पोळ्या लाटायला गेले. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तशी मी स्वयंपाकघरातून दिवाण हलवू बघते आहे.

मावशींना सांग, थोडं थांबा.

सुमेधा


वाशी,
१७ नोव्हेंबर १९८१

चि. वैजयंती,

तुझं पत्र मिळालं. ‘मशीन जमत नसेल तर राहू द्या वहिनी, मी भांडी घासेन,’ असं पुन्हा लिहिलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. आपण दोघी काही फार सख्य असलेल्या जावा नव्हतो. तुझं शिवण बघून माझा जळफळाट व्हायचा, हे तुलाही ठाऊक आहे. पण ते हात भांड्यांत घालू नकोस.

आता खरं ते लिहिते. गोष्ट हाताबाहेर चालली आहे. काल भावोजी ह्यांच्या ऑफिसात गेले. हे घरी आले ते बूट काढता काढताच म्हणाले, “नंदूला त्याच्या बॅगा परत हव्यात. नंदिनीनं तुला दिलेल्या. रविवारी टेम्पो घेऊन येतोय. मी हो म्हटलं.”

मी म्हटलं, “त्या घरात बसवल्यात आता. दिवाण मोडेल.”

“मोडू दे. खाट आणू. त्याच्या आहेत, त्याला देऊ. भांडण कशाला?”

मला एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाचा कधी कधी फार राग येतो. मी विचारलं, “जुन्या बॅगा अचानक कशाला हव्यात त्यांना?”

“म्हणाला, एक बॅग फार जड होती. अंक एवढे जड नसतात दादा, असं म्हणाला.” मग हे थांबले आणि माझ्याकडे बघितलं. “काय आहे तिच्यात?”

त्या क्षणी सांगून टाकावं असं वाटलं. तोंड उघडलंही. तेवढ्यात दिवाणावरून सासूबाई म्हणाल्या, “सुधीर, आधी हातपाय धू. आल्या आल्या काय चौकशी लावलीयस.” हे न्हाणीघरात गेले. आणि मी जे गिळलं ते गिळलंच.

आता रविवारपर्यंत काय करू? सरोजिनीबाई म्हणतात, नवऱ्याला सांगा. पण सांगितलं आणि त्यांनी भावाची बाजू घेतली तर मशीन तर जाईलच, तुझा पत्ताही माझ्या तोंडून निघेल. मला खोटं फार वेळ टिकवता येत नाही. तुझ्यासारखं नाही माझं. आणि नाही सांगितलं तर रविवारी भावोजी स्वतः झाकण उघडतील.

मशीन गेलं तर सांगलीची जागा जाईल, आणि जागा गेली की तू कुठं जाशील? फिरून फिरून चेंबूरच. तुझ्या मनगटावरचा तो चटका मी गौरीच्या वेळी पाहिला होता. तू म्हणाली होतीस, कढईचा. कढईचा चटका असा गोल नसतो गं. सिगारेट कोण ओढतं तेही मला ठाऊक आहे.

देवाला दिवा लावते आहे. आणखी काय करणार?

सुमेधा


वाशी,
२४ नोव्हेंबर १९८१

चि. वैजयंती,

हे पत्र पोस्टानं येणार नाही. ते बॅगेतच ठेवते आहे. म्हणजे हे तू वाचत असशील तेव्हा मशीन तुझ्यापुढे असेल. आधी ते सांगून टाकलं, कारण पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागू नये. माझा पुरेसा लागला होता.

रविवारी भावोजी सकाळीच आले. टेम्पो खाली उभा. चहा नको म्हणाले. हे पेपर वाचत होते, सासूबाई दिवाणावर बसून शेंगा सोलत होत्या. भावोजींनी सरळ सुरुवात केली. भिंतीवरच्या बॅगेतली पुस्तकं खाली काढली. मी म्हटलं, “ती मामंजींची आहे, तुमची नव्हे.” “काळजी करू नका वहिनी, फक्त बघतोय.” मग टीपॉय उघडलं, त्यात शिवणाच्या चिंध्या. मग आरशाची बॅग इतकी जोरात उघडली की आरसा तडकला. हे पेपर बाजूला ठेवून उठले. “नंदू, जरा हळू.”

मग दिवाण. चादर वर केली, मधली काळी बॅग ओढली. ती सहज निघाली, कारण फळी कोपऱ्यांवर टेकलेली आहे. उघडली, तर वर तुझी मोरपंखी साडी. ते ती हातात धरून उभे राहिले. “दादा, बघ. ह्या नंदिनीच्या साड्या. तुझी बायको सामील आहे.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली नाही. एवढंच जमलं मला.

आता राहिली उशाकडची तपकिरी. भावोजी गुडघ्यावर बसले आणि मूठ धरली. आणि सासूबाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, पाय वर घेतले आणि नेमक्या त्या कोपऱ्यावर आडव्या झाल्या. बॅग ओढली असती तर फळी कलंडून त्या खाली आल्या असत्या.

“आई, ऊठ.”

“का?”

“माझी बॅग आहे ती.”

“तुझी? रुखवतातली ना ती? तिच्या बापानं दिलेली.”

“आई, मला बघायचंय आत काय आहे.”

“मला ठाऊक आहे आत काय आहे. महिनाभर त्यावर झोपतेय मी.”

भावोजींचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाले, “उठतेस, का मी उठवू?”

तेव्हा त्या जे बोलल्या ते तुला जसंच्या तसं लिहिते. आवाजही चढवला नाही त्यांनी.

“उठव. लाव हात. बायकोला लावायचास तसाच लाव. चेंबूरला दोन वर्षं भिंतीआडून नुसता आवाज ऐकत होते, डोक्यावरून पांघरूण घेऊन. आज समोरून बघू दे, कसा लावतोस ते.”

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी ह्यांच्याकडे बघत होते, कारण आता सगळं ह्यांच्यावर होतं. हे आईकडे वळले. मग वाकले, भावोजींच्या हातातली साडी काढून घेतली, घडी घालायचा प्रयत्न केला, जमेना, तशीच काळ्या बॅगेत ठेवली आणि बॅग पायानं दिवाणाखाली सारली.

“जा तू, नंदू. टेम्पोवाला खोळंबलाय.”

“दादा, तूपण?”

“मीपण. आणि तिला शोधायला जाऊ नकोस. गेलास तर आधी माझ्याकडे यावं लागेल.”

भावोजी जिना उतरले. दार उघडंच टाकून गेले. मी ते लावलं आणि दारालाच टेकून रडले. मला वाटलं होतं ह्यांचा जीव नंदूत आहे. आहेच. त्या दिवशी हे जेवले नाहीत. एकदा फक्त विचारलं, “किती दिवसांपासून?” मी म्हटलं, “ते तिलाच विचारा.” ते पुन्हा पेपर घेऊन बसले, पण पान उलटलं नाही.

सासूबाई मात्र दुपारी आपण होऊन उठल्या. भिंत धरून उभ्या राहिल्या आणि मलाच दटावलं, “महिनाभर तेल दिलं नाहीस ना मशीनला? गंजलं तर काय उपयोग? त्या तेलाचा वास गादीतून येतो मला रोज. पहिल्या दिवसापासून.” मी म्हटलं, “मग तुम्ही उठत का नव्हतात? मी किती परीनं विनवलं.” तर म्हणाल्या, “मी उठले असते तर तू ते समोर नेलं असतंस. समोरच्या बाईच्या दारात नंदू उभा राहिला असता तर तिनं काय केलं असतं? माझ्या अंगाखाली होतं ते बरं होतं.” मी त्यांच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, “पुरे, तेलाची कुपी आण.”

काल संध्याकाळी बॅग भरली. मशीन पुसून, तेल देऊन, तुझ्याच साड्यांत आडवं ठेवलं. झाकण लावणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “थांब. बाईमाणूस घरातून निघतंय, ओटी न भरता कसं पाठवायचं?”

मी म्हटलं, “आई, ती इथं कुठं आहे?”

“बॅग आहे ना. मला विधवेला ओटी भरता येत नाही. पण बॅगेची भरायला कोण अडवतंय?”

त्यांनी स्वतःच्या ट्रंकेतून एक खण काढला, हिरवा, इरकली काठाचा. मला नारळ आणायला लावला. मग ताट मागितलं आणि डब्यातले तांदूळ त्यात पसरले. मला वाटलं, निवडायला बसल्या. तर त्या तांदूळ हातानं सपाट करत म्हणाल्या, “तिचं ते नाव मी ठेवलं होतं. मीच परत घेते.” आणि बोटानं लिहायला लागल्या. चौथीपर्यंतच शिकलेल्या त्या. ‘वै’ जमलं, ‘ज’ जमला, मग थांबून मला विचारलं, “यंती. ‘ती’ दीर्घ ना?”

“दीर्घ,” मी म्हटलं. हे दारात उभे होते. त्यांनीही ते पाहिलं आणि सकाळच्या एस.टी.साठी रजेचा अर्ज लिहायला बसले.

म्हणून बॅग घेऊन हेच येताहेत, पनवेलहून. पत्ता मी आज पहाटे दिला. त्यांच्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. फक्त चहा दे, प्रवासात ते काही घेत नाहीत.

इथं उशाकडच्या कोपऱ्याखाली सध्या चार विटा लावल्यात. गादी जरा कलती झाली आहे. सासूबाई म्हणतात, चालेल, तशीच राहू दे.

तांदूळ बॅगेच्या उजव्या कोपऱ्यात, त्यांच्या रुमालात बांधले आहेत. एका वेळच्या भाताला पुरतील. शिजवायच्या आधी खडे बघून घे. निवडलेले नाहीत ते, नुसते लिहिलेले आहेत.

तुझी वहिनी,
सुमेधा